वजाबाकीत गेलेलं

१२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मी नुसती हं-हं करते आणि पत्रात निदान वाक्य पुरं करते, ही तुझी तक्रार मान्य आहे. म्हणून तू विचारलेलं सगळं इथे लिहिते. डॉक्टरांनी सांगितलेलं तुला अर्धंच समजलं असं तू म्हणतेस. मला वाटतं, तुला पुरतं समजलं आहे आणि तू ते माझ्याकडून पडताळून घेते आहेस.

अंडाशयाची गाठ दोन वर्षांनी परत आली आहे. नेहमीचं औषध सलाइनमधून सुरू होईल. त्याबरोबर डॉक्टरांना तुला आमच्या प्रयोगशाळेच्या अभ्यासात घ्यायचं आहे. त्यासाठी गाठीचा एक लहान तुकडा आणि दंडातलं थोडं रक्त लागेल. आम्ही गाठीतली जनुकं वाचतो, मग रक्तातली वाचतो. रक्तातली म्हणजे तुझी जन्मापासूनची. दोन्हींकडे जे सारखं असेल ते वजा करायचं. उरतात ते गाठीने स्वतः केलेले बदल. त्यांपैकी एखाद्यावर नेमकं लागू पडणारं औषध असलं तर ते द्यायचं. सगळ्यांना एकच औषध देण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या गाठीचा कच्चा दुवा शोधायचा, एवढाच यात विचार आहे. प्रत्येकाच्या गाठीत तो सापडतोच असं नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

तिथल्या समुपदेशक बाई तुला एक प्रश्न विचारतील, त्याचं उत्तर आधी ठरवून ठेव. वजा केलेल्या भागात कधी कधी एखादा जन्मजात दोष निघतो. तसा दोष भावंडांत, मुलांत असू शकतो. तो कळवायचा की नाही हे रुग्णाने सांगायचं असतं. नको म्हटलंस तर तो भाग झाकलेला राहतो, कुणीही बघत नाही. बहुतेक लोक नको म्हणतात. आमचंही काम त्याने सुटसुटीत होतं. तुझ्या लेकीने, धांदलने, नुकतीच तुझी ड्रायव्हिंग स्कूल हातात घेतली आहे, तिच्या डोक्यावर आणखी किती ठेवायचं याचाही विचार कर. निर्णय तुझा आहे.

नमुन्यावर नाव नसतं, आकडा असतो. पण तुझा आकडा कोणता ते मला कळणारच. आमच्या मुख्य बाईंनी विचारलं की हा नमुना दुसऱ्या कुणाकडे देऊ का. मी म्हटलं, मला फरक पडत नाही.

इथे यंत्रांसाठी खोली इतकी गार ठेवतात की बाहेर घाम गळत असताना आम्ही आत स्वेटर घालून बसतो. धांदलला सांग, मागच्या वेळी मला स्टेशनवर सोडून निघाली तेव्हा तिचा डावा इंडिकेटर पुढच्या वळणापर्यंत विनाकारण चालू होता.

लोभ आहेच, तो तपासून बघावा लागत नाही, म्हणून मागत नाही.

तुझी,
पट्टी


१९ जून

चि. पट्टीस,
अनेक आशीर्वाद.

डावा इंडिकेटर चालू होता म्हणे. लहानपणी तू जेवणाच्या टेबलावर चमचे समांतर लावायचीस तेव्हाच मी तुझं नाव पट्टी ठेवलं, ते काही उगाच नाही.

रक्त दिलं, गाठीचा तुकडाही काढून झाला. समुपदेशक बाई फार गोड बोलत होत्या. इतकं गोड कुणी बोललं की मला वाटतं, आता हा माणूस मला काहीतरी विकणार. त्यांनी तो प्रश्न विचारला. तू लिहिलं होतंस तसंच मी सांगितलं. जन्मापासूनचं जे काही असेल ते जन्मापासून गप्प बसलंय, त्याला आता कशाला उठवायचं? माझी आई माझ्या आजच्या वयाचीसुद्धा झाली नव्हती, पोटात पाणी होऊन गेली. तेव्हा कुणी जनुकं वाचली नाहीत आणि आम्ही दोघं भावंडं वाढायची राहिलो नाही. तुझा बाप तर गरजेपेक्षा जास्तच वाढला.

आणि धांदलचं तू लिहिलंस ते अगदी खरं. ही पोरगी खोकला आला तरी स्वतःचा मृत्युलेख लिहायला बसते. गाडी मात्र छान शिकवते, माझ्यापेक्षा धीराने. सध्या आमच्याकडे एक दंतवैद्य येतात. गिअर असा उपटतात की जणू अक्कलदाढ. धांदल त्यांना म्हणाली, डॉक्टर, भूल दिलेली नाहीये, जरा हळू. मी मागे बसून हसले तर टाके दुखले.

सलाइन पुढच्या आठवड्यात सुरू. तू माझी जनुकं वाचणार म्हटल्यावर जरा अवघडल्यासारखं झालंय. आत काही वेडंवाकडं लिहिलेलं सापडलं तर शुद्धलेखन सुधारू नकोस.

तुझ्यावरचा जीव जिथे होता तिथेच आहे.

तुझी,
आत्या


२१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अहवाल तयार झाला. डॉक्टर सांगतीलच, पण तू आधी माझ्याकडून ऐकावंस असं वाटलं.

गाठीत पुष्कळ बदल आहेत. ज्यावर आज औषध उपलब्ध आहे असा त्यांत एकही नाही. गाठीच्या जनुकांत तुटफूट फार दिसते, तुटलेलं नीट सांधता न आलेल्या पेशींत दिसते तशी. तिचं कारण मिळालं नाही. अहवालात मी तसंच लिहिलं आहे: कारण आढळले नाही.

म्हणजे सध्याचं सलाइन चालू ठेवायचं. ते लागू पडतं आहे, हे चांगलं लक्षण आहे. तू निराश होऊ नयेस असं लिहिणार होते, पण तू होत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून ते वाक्य खोडलं.

धांदलच्या चाचणीमार्गावर तीन विद्यार्थी एकाच दिवशी पास झाल्याचं बाबांनी सांगितलं. तिचं अभिनंदन.

प्रकृतीला जप. बाकी मागणं काही नाही.

तुझी,
पट्टी


३ ऑक्टोबर

चि. पट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तू ऑगस्टात लिहिलंस त्यावर मी उत्तर दिलं नाही, त्याला कारण रुसवा नाही. हात थरथरत होता. आता अक्षर जरा माणसात आलंय.

ठरलेलं सलाइन संपलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाठ लहान झाली आहे, पण सलाइनच्या मागे लावून ठेवायला आपल्याकडे दुसरं औषध नाही, तेव्हा आणखी काही डोस देऊ. मी म्हटलं, द्या. या वाढीव डोसांनी मात्र पाय गेले. म्हणजे आहेत जागेवर, पण तळव्यांना काही कळत नाही. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. सकाळी पलंगावरून उतरते तेव्हा फरशी आहे की गादी, ते खाली बघून ठरवावं लागतं.

एक दिवस कुणी घरात नसताना गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसले. इंजिन बंद ठेवून पेडल दाबून बघितलं. क्लच कुठे संपतो आणि ब्रेक कुठे सुरू होतो ते समजेना. इतकी वर्षं लोकांना सांगत आले की पेडलकडे बघू नका, पायाला कळतं. उतरले आणि किल्ली धांदलच्या हुकाला अडकवून टाकली. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्ही दोघी आता या गोष्टीत तरबेज झालोय.

तू स्वतःला दोष देऊन घेऊ नकोस. गाठीत नाही सापडलं तर तू काय करणार? दादा म्हणत होता की तू हल्ली सुट्टीच्या दिवशीही कामावर असतेस. तिथल्या गारठ्यात राहून राहून गोठशील. कुणाबरोबर तरी भांडायला ये इकडे.

जीव आहे तोवर तो तुमच्यावरच.

तुझी,
आत्या


१८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र धांदल घरात नसताना वाच. वाचून झालं की तिला दाखवायचं का ते तू ठरव.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे एका दुसऱ्या रुग्ण बाईंच्या अहवालावर चर्चा झाली. त्यांच्या गाठीत तुझ्यासारखीच तुटफूट होती. त्यांचं कारण रक्तात सापडलं. तुटलेलं जनुक सांधण्याचं काम करणारं एक जनुक असतं, तेच त्यांच्यात जन्मापासून बिघडलेलं होतं. अशा गाठींवर एक गोळी आहे. गाठीला सांधायचा एक रस्ता आधीच बंद असतो, गोळी दुसरा बंद करते, मग गाठीतल्या पेशी तगत नाहीत. सलाइननंतर ती रोज घ्यायची. डॉक्टर तुला म्हणाले होते ना, मागे लावून ठेवायला काही नाही? ते हेच.

चर्चा चालू असताना मुख्य बाईंनी सहज विचारलं की ‘कारण आढळले नाही’ असं लिहून यंदा आपण आणखी कुणाला सोडलं आहे का. मी गप्प राहिले. बैठक संपल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन तुझा आकडा सांगितला.

आता जे झालं ते लिहिते. रक्तात आणि गाठीत जे सारखं ते मी वजा केलं. तसा दोष तुझ्या रक्तात असेल तर तो दोन्हीकडे असणार. म्हणजे तो मीच वजा करून टाकला. गाठीचा कच्चा दुवा शोधायला बसले आणि तो असेल त्या ढिगावर झाकण घातलं, कारण तू नको म्हणाली होतीस.

पण तू नको का म्हणालीस? जूनमधल्या माझ्या पत्राची प्रत मी काढून वाचली. झाकलेल्या भागात औषधाचा धागाही असू शकतो, हे मी तुला लिहिलंच नव्हतं. मला ते माहीत होतं. क्वचित होतं असं समजून मी ते सोडलं. बहुतेक लोक नको म्हणतात हे मात्र लिहिलं. धांदलच्या डोक्याचंही लिहिलं. नंतर तुझ्या उत्तरात आजीच्या पोटातल्या पाण्याचं आलं, म्हणजे बहुधा हाच आजार. एवढ्या एका ओळीवरून माझ्या जागी दुसरं कुणीही थांबलं असतं. मी ती ओळ वाचली आणि पुढच्या परिच्छेदाकडे गेले.

तुझ्या रक्तात जे आहे ते बाबांच्यात असू शकतं आणि बाबांच्यात असेल तर माझ्यात. हा विचार जूनमध्ये माझ्या मनात आला होता. मी तो पुरा केला नाही. तुझा नकार आला तेव्हा मला बरं वाटलं होतं, आत्या. त्या दिवशी ते बरं वाटणं मी कामाच्या सुटसुटीतपणाच्या नावावर टाकलं.

मी अजून तो भाग उघडलेला नाही. तुझ्या परवानगीशिवाय उघडणार नाही, मुख्य बाईंनाही ते मान्य आहे. परवानगी दिलीस आणि दोष निघाला, तर तुला गोळी मिळेल. पण मग धांदलला कळवावं लागेल, कारण तिच्यात तो असण्याची शक्यता निम्मी. हे दोन्ही एकत्र आहे, वेगळं करता येत नाही. या वेळी मी बहुतेक लोक काय करतात ते लिहीत नाही.

काय लिहून संपवावं ते कळत नाही.

तुझी,
पट्टी


२९ नोव्हेंबर

चि. पट्टीस,
आशीर्वाद.

दोनदा वाचलं. पहिल्यांदा समजलं नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा समजलं म्हणून.

शिकवायला बसते तेव्हा माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, हे तू लहानपणी पाहिलंयस. शिकणाऱ्याला मी तो दाबलेला कळत नाही. गाडी थांबते आणि त्याला वाटतं, वा, आपणच थांबवली. घरी जाऊन बायकोला सांगतो. जूनमध्ये मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं की जन्माचं गप्प आहे त्याला उठवू नको. मला वाटलं होतं, मीच थांबवली गाडी.

राग आलाय. तो लपवत नाही. आला तसा जाईल की नाही, सांगत नाही.

पण परवानगीचं विचारशील तर माझं उत्तर तेच. उघडू नकोस. आणि या वेळी तुझा पाय कुठेही नाही, हे माझं मी म्हणतेय. गोळीने मला किती वर्षं मिळतील? दोन, चार? ती मिळवायला माझ्या पोरीला सांगू की तुझ्या अंगात मी हे घालून ठेवलंय? माझ्या आईने मला दिलं असेल तर निदान तिला ठाऊक नव्हतं. मी जाणूनबुजून बघून, मोजून, कागदावर घेऊन तिच्या हातात देऊ? ही मुलगी आत्ता कुठे मान वर करून चालायला लागलीय. परवा आरशासमोर उभी राहून म्हणत होती की नवी गाडी घेऊ, पिवळी. तिला मी सांगायचं की थांब, आधी रक्त दे?

इतकी वर्षं मी कुणाकुणाच्या पोरांना सुखरूप घरी पोचवलं. माझ्या पोरीच्या वाटेत मी खड्डा खणून ठेवलेला असेल, तर तो मला बघायचा नाही.

दादाला यातलं काही सांगू नकोस. तो रडायला लागला की आवरत नाही.

तुझ्यावर माया आहे. आज ती शोधून काढावी लागली.

आत्या


२० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा भाग उघडलेला नाही. आधी हे.

तुझं पत्र आल्यावर मी काही दिवस उत्तर लिहीत राहिले आणि फाडत राहिले. प्रत्येक उत्तरात मी तुला पटवत होते. तोच पाय पुन्हा तिथेच. मग लिहिणं थांबवलं आणि दुसऱ्या रुग्णालयात जाऊन माझं रक्त दिलं, माझ्या नावाने. समुपदेशकांनी विचारलं तेव्हा सगळं कळवा म्हणून सांगितलं.

हे करताना मला माहीत होतं की माझ्यात दोष निघाला तर तुझंही जवळजवळ कळल्यासारखं होईल. तुझा नकार मी मागच्या दाराने मोडते आहे का, हा प्रश्न मी तिथल्या बाईंना विचारला. त्या म्हणाल्या की तुमचं रक्त तुमचं आहे. उत्तर बरोबर आहे. मला त्याने बरं वाटलं नाही.

माझ्यात आहे.

आईकडून आलं असेल का, हे ठरवायला बाबांना सांगणं भाग पडलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. त्यांच्यातही आहे, तोच आणि तिथेच. ते रडले नाहीत. कपाटातली पुस्तकं काढून एकेक पुसत बसले, सगळा खण झाला तरी उठेनात. मग म्हणाले, "तुला उंची माझी आली म्हणून मी लोकांत मिरवत होतो." मग मी दुसरा खण काढून दिला.

मला सध्या आजार नाही. तपासण्या दर सहा महिन्यांनी करायच्या. पस्तिशीनंतर अंडाशय काढून टाकावेत असा सल्ला आहे. त्याआधी मूल हवं की नको ते ठरवायचं. हे सगळं मी तक्त्यात मांडलं. तक्ता नीट झाला आणि मग मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही. तुला हे लिहिते कारण दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा तुला भेटायला निघाले आहेत, थांबवू शकले नाही. मी धांदलला माझी बातमी सांगणार आहे. मला झालेली गोष्ट मी मामेबहिणीच्या नात्याने माझ्या आतेबहिणीला सांगू शकते. तुझ्याबद्दल एक शब्द काढणार नाही. पण ती बावळट नाही, तिला दोन आणि दोन करता येतात. म्हणून रविवारी सकाळी तिला फोन करेन. त्याआधी तिला काही सांगायचं असलं तर तुझ्या हातात इतके दिवस आहेत.

कळव. किंवा नको कळवूस.

तुझी,
पट्टी


२ फेब्रुवारी

प्रिय पट्टीताईस,
स. न. वि. वि.

रविवारी तू फोन केलास तेव्हा मी फार शहाण्यासारखी बोलले, कारण मला शनिवारीच सगळं कळलं होतं. आता शहाणपणा संपला, म्हणून पत्र.

मामा आले ते दारातच आईला मिठी मारून उभे राहिले. दोघं इतकी उंच, मला मधून आत जाताही येईना. मग आई म्हणाली, चल, चक्कर मारू. मी गाडी काढली. ती शिकवणाऱ्याच्या बाजूला बसली. चाचणीमार्गावरच्या चढावर, जिथे आम्ही मुलांना अर्ध्यात थांबून परत सुटायला शिकवतो, तिथे तिने थांबवायला सांगितलं आणि बोलायला सुरुवात केली. मागे एक टेम्पो येऊन हॉर्न देत होता. आईने खिडकीतून हात काढून त्याला जायला सांगितलं आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे नेलं.

ती माझी माफी मागत होती, ताई. मला वाटलं होतं की ती कुणाच्या बापाची माफी मागणार नाही. मी म्हटलं, तू गोळी घेतली नाहीस तर मी तुला कधीच माफ करणार नाही, बाकीचं नंतर बघू. हे मी धीराने म्हटलं असं तुला वाटेल. मी किंचाळले. टेम्पोवाल्यानेसुद्धा वळून बघितलं.

आणि आणखी एक. मी खोकल्यालासुद्धा घाबरते, म्हणून तुम्ही दोघींनी ठरवलंत की मला पेलणार नाही. मला एकदा विचारायचं तरी. तुझ्यावर मी रागावले आहे आणि तुझ्यासाठी रडलेही आहे, दोन्हींचा हिशेब लागत नाही.

सोमवारी सकाळी दोघी रुग्णालयात गेलो. आईने परवानगी दिली, तुझ्याकडे आज पोचेल. मी रक्त दिलं. नर्स म्हणाली की घाबरलात का. मी म्हटलं, हो, पण हे माझं कायमचंच आहे.

तू पण जरा घाबर. तुझ्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही, तेच जास्त वाईट.

कधी नव्हे ते तुझ्या पत्राची वाट बघणारी,
धांदल


१७ मार्च

चि. पट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तू उघडलंस आणि डॉक्टरांना कळवलंस, त्याला आता महिना होत आला. होतंच ते तिथे, तू म्हणालीस त्याच जागी. गोळ्या सुरू झाल्या. मळमळतं, थकवा येतो, पण ते कधी चढतं, कधी उतरतं हे आता माझं मला कळतं. डॉक्टर खुशीत आहेत. मी खुशीत नाही, पण त्यांचं मन मोडत नाही.

धांदलचा अहवाल आला. तिच्यात नाही.

आम्ही दोघी समुपदेशक बाईंच्या खोलीत बसलो होतो. त्यांनी दोनदा सांगितलं. मला आधी हसू आलं. मग असा राग आला की खोलीतून उठून बाहेर गेले. दोन महिने मी मरायला तयार झाले होते, पोरीला ज्यापासून वाचवायला, ते तिच्यात नव्हतंच. आईपण म्हणजे काय, तर न बघता केलेला त्याग. बघितलं असतं तर करावाच लागला नसता. माझा राग कुणावर, ते अजून ठरत नाही. जास्तीत जास्त माझ्यावर येतो.

धांदल तेव्हापासून तोंड लपवून आहे. तुला पत्र लिहायला घेते आणि बाजूला ठेवते. मामात आहे, आईत आहे, ताईत आहे आणि मी तेवढी सुटले, कुठल्या तोंडाने लिहू, असं म्हणते. मी म्हटलं, सुटणं हा काही गुन्हा नाही. ती म्हणाली, मग रात्री झोप का येत नाही? तू तिला लिही. तिला बरं वाटेल असं नको, तुझ्या पद्धतीने लिही.

आणि आता मला एक विचारायचंय. तुझ्या पहिल्या पत्रापासून तू मला सांभाळून, मोजून मापून सांगत आलीस. नोव्हेंबरात सगळं लिहिलंस, पण एक गोष्ट त्यात नव्हती आणि मी तेव्हा विचारायला घाबरले. ऑगस्टात तू ते झाकण उघडलं असतंस, तर वाढीव डोस लागले असते का? माझे पाय राहिले असते का? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की असं सांगता येत नाही. ते डॉक्टर आहेत. तू माझ्या भावाची मुलगी आहेस. मला धीर नको, मला उत्तर हवं.

राग बराचसा गेलाय. उरलेला या उत्तरावर आहे.

तुझी,
आत्या


२४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

धांदलला वेगळं लिहिलं आहे. तिचा निकाल कळला तेव्हा मला आनंद झाला आणि त्या मागोमाग क्षणभर तिचा हेवा वाटला. हे दोन्ही तिला त्याच क्रमाने लिहिलं. तिला निदान एवढं कळू दे की सुटल्याचं ओझं तिच्याकडे आणि न सुटल्याचा हेवा माझ्याकडे, म्हणजे आम्ही दोघी सारख्याच वाईट आहोत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी डॉक्टरांसारखं देऊ शकले असते. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, जर-तरचं मोजमाप होत नाही, हे सगळं खरं आहे आणि मला पाठही आहे. तुझं पत्र येण्याआधीच मी तुझे सगळे कागद तारखेने लावून पाहिले होते. ठरलेलं सलाइन संपलं तेव्हा तुझ्या पायांना मुंग्या होत्या, संवेदना होती. तशी नोंद आहे. ती गेली वाढीव डोसांत. ते डोस दिले गेले कारण गोळी देता येईल हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं कारण मी लिहिलं होतं: ‘कारण आढळले नाही’.

म्हणून उत्तर हो असं आहे. राहिले असते.

यापुढे मी काही जोडलं तर ते तुझ्यासाठी नसेल, माझ्यासाठी असेल.

दर पत्राच्या शेवटी लोभ असू द्यावा असं लिहायची आपली रीत आहे. मी ती नेहमी चुकवत आले, कारण तो असणारच असं मी धरून चालले होते. आज मात्र मागते. असेल तर ठेव, आणि नसला तर तसं स्पष्ट कळव. उत्तराची वाट बघते आहे.

तुझी,
पट्टी